बूमरँग मंडळात नवखा आला की आधी फेकायला शिकवावं की बनवायला?

वारेमाप:
आम्ही काही जण मिळून बूमरँग फेकण्याचं एक छोटं मंडळ चालवतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या मैदानावर जमायचं, फेकायचं, झेलायचं आणि जो येईल त्याला शिकवायचं, एवढाच कार्यक्रम. लोक कुतूहलाने येतातही. अडचण अशी की पहिल्या दिवशी आलेल्यांपैकी बरेच जण पुन्हा तिकडे फिरकत नाहीत.

यावरून मंडळात सरळ दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, आधी प्लायवुड आणि पॉलिश पेपर हातात द्या; स्वतः घडवलेलं बूमरँग फेकण्यात जी ओढ असते ती आयत्या वस्तूत नाही. दुसरा म्हणतो, तयार बूमरँग द्या आणि पहिल्या तासात निदान एक झेल मिळेल असं बघा. मी दुसऱ्या तटातला. आपण फेकलेली वस्तू लांबवर वळसा घेऊन आपल्याकडेच येते आणि दोन तळव्यांत थांबते, तो आनंद एकदा मिळालेला माणूस पुढच्या आठवड्यात हमखास उगवतो.

इथे कुणी असं मंडळ चालवलंय किंवा अशा ठिकाणी शिकलंय का? तुमच्याकडे सुरुवात कशाने होते?

रानपाखरू:
वा, या विषयावर धागा येईल असं वाटलं नव्हतं. जागा धरून ठेवते. सविस्तर लिहीन.

शंकासूर:
मी बूमरँग आयुष्यात हातात घेतलेलं नाही, तेव्हा आधी मुळाशी जाऊ. ते परत येतंच का? आणि जास्त जोर लावला तर जास्त लांब जाऊन येईल, बरोबर?

पतंगवेडी:
@शंकासूर, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. नवख्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच. खांद्यातला जोर कमी, मनगटातली फिरकी जास्त, हे एक वाक्य पहिल्या दिवशी डोक्यात बसलं तर निम्मं काम झालं.

पहिल्या प्रश्नाला वहीवाले येतीलच. :)

गणिताची_वही:
आलो.

बूमरँगची पाती वरून फुगीर आणि खालून सपाट असतात, म्हणजे प्रत्येक पातं हा एक छोटा पंख आहे. उजव्या हाताने फेकताना ते जवळजवळ उभं धरतात, फुगीर बाजू डावीकडे. त्यामुळे विमानाच्या पंखाला वर उचलणारा हवेचा जोर इथे बूमरँगला डावीकडे ढकलतो. इतक्याने ते फक्त डावीकडे सरकलं असतं. परत आणायचं काम फिरकी करते.

ते पुढे जाताजाता स्वतःभोवती फिरतं. ज्या क्षणी एक पातं वरच्या बाजूला असतं तेव्हा त्याची फिरण्याची दिशा आणि पुढे जाण्याची दिशा एकच. खालच्या पात्याची उलट. समजा बूमरँग सेकंदाला २० मीटर वेगाने चाललंय, सेकंदाला १० फेरे घेतंय आणि पात्याचं टोक मध्यापासून २० सेंमी दूर आहे. मग वरच्या टोकाला हवा लागते सुमारे ३२.५ मीटर वेगाने आणि खालच्याला जेमतेम ७.५ मीटर वेगाने. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वर तो खालच्यापेक्षा साधारण १९ पट! (हे फक्त टोकापाशी, मध्याकडे फरक कमी होत जातो.)

आता असा वर जास्त, खाली कमी जोर बसल्यावर ते डावीकडे कलंडून पडायला हवं. पण फिरणाऱ्या वस्तूला कलंडवायला गेलं की ती वळते. हात सोडून सायकल चालवताना डावीकडे कललं की पुढचं चाक आपोआप डावीकडे वळतं, तोच प्रकार. हे वळणं क्षणाक्षणाला चालू राहतं आणि वाटेचं वर्तुळ होतं. शेवटी शेवटी ते हळूहळू आडवं होतं आणि तरंगत खाली येतं.

जोराबद्दल पतंगवेडी बरोबर सांगतायत. वर्तुळ केवढं होणार हे मुख्यतः बूमरँगच्या घडणीवर ठरतं: वजन किती, पात्यांचा आकार कसा. जड असेल तर मोठा फेरा, हलकं असेल तर लहान. फेलिक्स हेस या डच संशोधकाने १९६८ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये हे सगळं मांडलं आणि १९७५ साली ग्रोनिंगेन विद्यापीठात त्यावर मोठा प्रबंध सादर केला. बूमरँग जोरात फेकलं तर ते फेरा लवकर पुरा करतं आणि पुष्कळदा आपल्याला ओलांडून मागे जाऊन पडतं.

शंकासूर:
दंडवत! सायकलने समजलं. म्हणजे डावखुऱ्याने हेच फेकलं तर?

डावखुरा:
तर ते परत येत नाही, आणि डावखुऱ्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

धाग्याच्या मूळ प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे म्हणून नीट लिहितो. डाव्या हाताने फेकायचं बूमरँग हे उजव्याचं आरशातलं प्रतिबिंब असावं लागतं. पुढची जाड कड आणि मागची निमुळती कड यांची अदलाबदल होते, आणि ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळसा घेतं. मी पहिल्यांदा एका शिबिरात गेलो तेव्हा तिथे सगळी उजव्या हाताची बूमरँगं होती. शिकवणारे म्हणाले, 'डाव्या हाताने फेकलंत तरी चालेल.' अजिबात चालत नाही. दिवसभर फेकून ते एकदाही वळलं नाही. वारेमाप, तुमच्याकडून निघून गेलेल्या लोकांत डावखुरे किती होते हे आठवून बघा.

वारेमाप:
@डावखुरा, मुद्दा मनाला लागला. आमच्याकडे डाव्या हाताची आहेत, पण मोजकी, आणि ती पेटीच्या तळाशी असतात. यापुढे आल्या आल्या प्रत्येकाला 'लिहिता कुठल्या हाताने, चेंडू फेकता कुठल्या हाताने' हे विचारलं जाईल. दोन्हींची उत्तरं पुष्कळदा वेगळी येतात.

सुतारपक्षी:
मी पहिल्या तटातला, म्हणजे आधी बनवा म्हणणारा. कारण सांगतो.

नवख्याने आयतं बूमरँग फेकलं आणि ते वळलं नाही तर त्याला का ते कळत नाही. ज्याने स्वतः कड घासली आहे त्याला कळतं. आमच्या गटात ५ मिमी जाडीचं बर्चचं प्लायवुड वापरतात, त्यात पातळ थर पुष्कळ असतात. घासताना गडद-फिकट थर एकेक उघडे पडत जातात आणि उतार सगळीकडे सारखा उतरतोय का ते त्या पट्ट्यांवरूनच दिसतं. पट्टी वाकडी तर उतार वाकडा. मोजपट्टीची गरज नाही.

पुढची कड गोलसर ठेवायची, मागची लांब उतार देऊन पातळ करायची, खालची बाजू सपाट. दोन पात्यांच्या बूमरँगमध्ये एक गंमत आहे: एका पात्याची पुढची कड बाहेरच्या वळणावर येते आणि दुसऱ्याची आतल्या वळणावर. पहिल्यांदा बनवणारा माणूस दोन्हीकडे बाहेरचीच कड गोल करायला निघतो. तिथे त्याला थांबवून विचारायचं, 'हे फिरताना हवेला आधी कोण भिडणार?' हातात धरून, फिरवून बघितल्यावर त्याचा त्यालाच उलगडा होतो. वहीवाल्यांचं वरचं सगळं गणित त्या एका प्रश्नात आलं.

घासताना तोंडाला मास्क मात्र हवाच. प्लायवुडमधल्या डिंकाची धूळ छातीत जाणं चांगलं नाही.

पतंगवेडी:
सुतारपक्षी, तुमच्या हाताखाली कुणी शिकलं तर त्याचं भाग्यच. पण मी वारेमापच्या बाजूने. पहिलं बूमरँग नवख्याच्या हातून बरं उतरत नाही. एक तर त्याचं बूमरँग कच्चं आणि त्यात फेकही कच्ची. मग बिघडलं कुठे हे कोण सांगणार? फेक शिकताना बूमरँग तरी भरवशाचं असावं.

आम्ही पहिल्या दिवशी तीन पात्यांचं हलकं बूमरँग देतो, २०-२५ मीटरचा फेरा घेणारं. दोन पात्यांच्या नेहमीच्या कोनाकृती बूमरँगपेक्षा ते फेकीतल्या चुका माफ करणारं असतं. शेवटी छान तरंगतं, त्यामुळे झेलायला वेळ मिळतो. मग शिकवायचं ते एवढंच: फुगीर बाजू स्वतःकडे. बूमरँग उभं, फक्त १०-२० अंश बाहेर झुकलेलं. वारा तोंडावर घेऊन उभं राहा, तिथून साधारण ४५ अंश उजवीकडे वळा (डावखुऱ्यांनी डावीकडे). क्षितिजाच्या जराशा वर नेम. आणि सोडताना मनगटाचा झटका.

चकती फेकतात तसं आडवं कधीही फेकू नका. आडवं फेकलं की हवेचा सगळा जोर त्याला वर नेतो, ते उंच चढतं आणि तिथून सुसाट खाली येतं. लाकूड तुटतं ते बहुतेक याच फेकीत.

मग सुधारणा. डावीकडे पडतंय तर आणखी थोडं उजवीकडे वळून फेका, उजवीकडे पडतंय तर वाऱ्याकडे सरका. मागे जातंय तर जोर कमी करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही.

कोपऱ्यातला_बाक:
मित्राने माझं पुस्तक उसनं नेलंय. पुढच्या वेळी बूमरँगवरचं पुस्तक द्यावं म्हणतो, परत यायची शक्यता वाढेल.

शंकासूर:
=)) वजनदार पुस्तक दे. वहीवाल्यांच्या हिशेबाने फेरा मोठा होईल, पण येईल!

चष्मिष्ट:
माझी मुलं मागे लागली आहेत. मला भीती डोळ्यांची वाटते. लहान मुलांना अशा मंडळात पाठवणं कितपत सुरक्षित?

पतंगवेडी:
@चष्मिष्टताई, भीती योग्यच आहे आणि ती प्रत्येक शिकवणाऱ्याला असायला हवी. चांगलं मंडळ ओळखायचं तर आधी तिथली शिस्त बघा.

फेकणाऱ्याच्या चारही बाजूंनी निदान ५० मीटर मोकळं हवं. नवखे शिकत असताना हवेत एका वेळी एकच बूमरँग. फेकण्याआधी मोठ्याने इशारा. उडण्याच्या वाटेत सूर्य येत असेल तर जागा बदलायची. बूमरँग नजरेआड झालं तर शोधत उभं राहायचं नाही; पाठ फिरवायची, दोन्ही हातांनी डोकं झाकायचं आणि खाली बसायचं. आणि छातीच्या उंचीवर, आडवं होऊन, संथपणे येत असेल तरच झेलायचं, एक तळवा वर आणि एक खाली, टाळी वाजवल्यासारखं. डोक्याच्या उंचीवर वेगात येणाऱ्याला वाट द्यायची. हे मुलांकडून बूमरँगशिवाय, नुसत्या हालचालींनी आधी करून घेतात की नाही ते विचारा. घेत नसतील तर पाठवू नका. संरक्षक चष्मा घालायलाच लावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

अगदी लहानांना जाड पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या मध्यावर एकमेकींना जोडून बूमरँग करून द्या. टोकं किंचित वर वाकवली की ते खोलीतल्या खोलीत फिरून हातात येतं. लागलं तरी इजा नाही.

उंबरठा:
सुरक्षेवरून. एका मोठ्या कार्यक्रमात आमच्या गटाला प्रात्यक्षिकासाठी बोलावलं होतं. जाऊन बघतो तर आयोजकांनी प्रेक्षकांच्या खुर्च्या बरोब्बर आमच्या डाव्या हाताला मांडलेल्या, म्हणजे उजव्या हाताचं बूमरँग ज्या बाजूने फिरून येतं तिथेच. खुर्च्या हलवा म्हटलं तर 'आता लोक बसलेत, तुम्ही जरा सांभाळून फेका.' सांभाळून म्हणजे काय? वारा आमचं ऐकतो का?

आम्ही लाकडी बूमरँगं पेटीतून बाहेरच काढली नाहीत. पुठ्ठ्याची काढली, मुलांना मंचावर बोलावलं आणि तासभर त्यांच्याकडूनच फेकून घेतली. आयोजक नाराज झाले; मुलं खूश. कुठल्याही मंडळाने याबाबत तडजोड करू नये, कितीही मोठं आमंत्रण असो. प्रेक्षक बसवायचे ते फेकणाऱ्याच्या बरेच मागे आणि उजव्या अंगाला.

वारेमाप:
+१००. हे आमच्या फलकावर लिहून ठेवतो.

रानपाखरू:
आता माझं राहिलेलं. मंडळात फेकायला शिकवता, बनवायला शिकवता, पण ही वस्तू कुणाची आहे हे कोण सांगतं?

परत येणारं बूमरँग ही या कुळातली एक छोटी शाखा. शिकारीची जी फेककाठी असते ती परत येत नाही, यावी अशी अपेक्षाही नसते. ती सरळ, लांब आणि जमिनीलगत जावी लागते. पोलंडमधल्या ओब्वाझोव्हा गुहेत मॅमथच्या सुळ्यापासून घडवलेली, सुमारे ७० सेंमी लांबीची अशी एक वक्र वस्तू सापडली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या कालमापनानुसार ती सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीची आहे. तिची प्रतिकृती फेकून बघितली तर ती उडते, पण परत येत नाही. तुतनखामेनच्या थडग्यातही फेककाठ्यांचा मोठा साठा निघाला. तमिळ प्रदेशातली वळरी याच कुळातली.

तरीही लाकडी बूमरँगचं खरं माहेर म्हणजे ऑस्ट्रेलियातले आदिवासी समाज. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वायरी दलदलीत सुमारे १०,००० वर्षांपूर्वीची लाकडी बूमरँगं मिळाली, पाणथळ मातीत लाकूड टिकलं म्हणून. आणि तिथेही सगळीकडे एकच चाल नव्हती. टास्मानियात बूमरँग नव्हतंच. काही भागांत ते फेकण्यापेक्षा एकमेकांवर आपटून ताल धरायला जास्त वापरलं जातं. पाखरांच्या थव्यावरून परत येणारं बूमरँग फिरवायचं, म्हणजे ससाणा आलाय असं समजून पाखरं खाली लावलेल्या जाळ्यांकडे झेपावतात, हा त्याचा एक जुना उपयोग.

नवख्याला यातलं थोडं तरी सांगायला हवं. नुसता गंमतखेळ म्हणून शिकवणं मला पटत नाही.

कोपऱ्यातला_बाक:
रानपाखरू, माहिती उत्तम. पण तासाभरासाठी आलेल्या माणसाला इतिहास ऐकवला तर तो तिथूनच पळेल ना?

रानपाखरू:
भाषण नाही द्यायचं हो. बूमरँग हातात देताना दोन वाक्यं. एवढ्याने कुणी पळत नाही.

आणि एक आग्रह. बनवलेल्या बूमरँगवर ऑस्ट्रेलियन आदिवासींसारखी ठिपक्यांची नक्षी काढू नका. बघायला सुंदर असते म्हणून पुष्कळ जण काढतात. पण त्या आकृत्यांमागे त्या त्या समाजाच्या कथा आणि त्या सांगण्याचे हक्क असतात. तिथे या नकलांचा बाजार इतका वाढला की २०१९ साली ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने एका कंपनीला २३ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. इंडोनेशियात तयार झालेल्या वस्तू तिने आदिवासी कलाकारांनी हाताने रंगवलेल्या असल्यासारख्या विकल्या होत्या. बूमरँगं त्यात होतीच.

सुतारपक्षी:
हे मान्य. पण कुणी कौतुकाने, विकायला नव्हे तर स्वतःपुरतं रंगवलं तर त्याला अडवणं मला जड जातं. माझ्याकडे येणारी मुलं इतकी मन लावून रंगवतात.

रानपाखरू:
अडवू नका, दुसरीकडे वळवा. मुलांना म्हणा, तुमची स्वतःची नक्षी काढा, तुमच्या घरातली, तुमच्या डोक्यातली. मन तेवढंच लागेल.

सुतारपक्षी:
हे करता येईल. शिवाय गवतात हरवू नये म्हणून भडक रंग हवाच असतो, तेव्हा रंगवणं चालूच ठेवतो.

खेळिया:
वाचतोय केव्हाचा. सगळे पहिल्या दिवसाबद्दल बोलताय, पण माणूस टिकतो तो पुढे काहीतरी खुणावतं म्हणून. आमच्या गटात स्पर्धेच्या प्रकारांनी जादू केली.

'ऑस्ट्रेलियन फेरी' घ्या. पाच फेकी, प्रत्येकीला कमाल २० गुण: ५० मीटरच्या पलीकडे गेलं तर अंतराचे ६, झेलला तर ४, आणि मध्याच्या किती जवळ आलं त्याचे १० पर्यंत. एकाच फेकीत तीन परीक्षा! अचूकतेच्या प्रकारात तर झेलायचंच नाही, मैदानावर २, ४, ६, ८, १० मीटर त्रिज्येची वर्तुळं आखायची आणि पडेल तिथले गुण. झेलायला घाबरणाऱ्यांना हा फार आवडतो. वेगझेल म्हणजे २० मीटर अंतराच्या पाच फेकी-झेल कमीत कमी वेळात. करामत झेल म्हणजे पाठीमागून, पायाखालून, पावलांनी.

आणि विक्रम ऐकले की मुलांचे डोळे विस्फारतात. स्वित्झर्लंडच्या मानुएल शुट्झने १९९९ मध्ये फेकलेलं बूमरँग २३८ मीटर लांब जाऊन परत आलं. परत न येणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड शमीची २००५ मधली ४२७.२ मीटरची फेक. जास्तीत जास्त वेळ हवेत राहण्याच्या प्रकारात अमेरिकेच्या जॉन गोर्स्कीचं बूमरँग १९९३ मध्ये गरम हवेच्या वर चढणाऱ्या झोतात सापडलं आणि १७ मिनिटं ६ सेकंदांनी खाली आलं. त्याने ते झेललंही.

शंकासूर:
१७ मिनिटं?? एवढ्या वेळात ते दिसत तरी राहिलं कसं!

अवांतर: अवकाशात फेकलं तर? तिथे तर सगळं तरंगतं.

गणिताची_वही:
फेकून झालंय. जपानी अंतराळवीर ताकाओ दोई यांनी मार्च २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात कागदाचं तीन पात्यांचं बूमरँग फेकलं आणि ते परत आलं. वळवायला हवा आणि फिरकी लागते, आणि स्थानकात हवा आहे. उघड्या अवकाशात मात्र ते सरळ निघून जाईल.

@शंकासूर, सगळ्या प्रश्नांवरून तुम्ही आता मैदानावरच जा असं सुचवतो.

उंबरठा:
खेळियाशी अर्धा सहमत. स्पर्धेने काही जण टिकतात आणि काही जण त्यानेच जातात. आमच्याकडे एक काका येतात, त्यांना गुण नकोत, घड्याळ नको. वारा पडला की फेकतात, झेलतात, पुन्हा फेकतात. वर्षानुवर्षं येतायत. त्यांच्यासाठी मैदानाचा एक भाग स्पर्धेपासून मोकळा ठेवायला हवा.

खेळिया:
बरोबर. दोन्ही एकाच वेळी चालू शकतं, मैदान पुरेसं असेल तर.

सुतारपक्षी:
मूळ प्रश्नाकडे येतो. पतंगवेडींचं वाचून विचार केला. भरवशाच्या बूमरँगवर फेक शिकावी हे खरं. पण मग माझ्याकडे येणारे का टिकतात, याचं कारण शोधत होतो, आणि मला वाटतं ते वार्निशमध्ये आहे.

आमच्याकडे कापणं आणि घासणं एका बैठकीत होतं. मग वार्निशचा हात दिला की ते वाळायला हवं. वाळल्यावर पुन्हा हलका पॉलिश पेपर आणि दुसरा हात. त्यामुळे बूमरँग कार्यशाळेतच राहतं आणि त्याचा मालक पुढच्या आठवड्यात ते बघायला येतो. यावंच लागतं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याची इथे ओळख झालेली असते, मग तो आपला.

वारेमाप:
सुतारपक्षी, हे सोनं दिलंत! आम्ही नवख्याला झेल देतो आणि रिकाम्या हाताने घरी पाठवतो. त्याला परत येण्यासाठी आमच्याकडे त्याचं काही उरतच नाही.

पतंगवेडी:
मग भांडण कशाचं? दोन्ही करा, आणि क्रम वाऱ्याला ठरवू दे. ताशी १० किमीपर्यंतची झुळूक असेल तर आधी मैदान, मग लाकूड. वारा जोरात असेल तर नवख्याला मैदानावर नेऊच नका. पात्यांना रबर बँड गुंडाळून, नाणं चिकटवून आपण जोरदार वाऱ्यातही फेकतो, पण ते सरावलेल्यांचं काम. नवख्याच्या वाट्याला त्या दिवशी नुसती पायपीट येते. अशा दिवशी थेट करवत आणि पॉलिश पेपर.

गणिताची_वही:
अनुमोदन. शिवाय आधी फेकून आलेला माणूस लाकूड घासायला बसला की 'ही कड अशी का' हे स्वतःहून विचारतो.

वारेमाप:
ठरलं तर. पुढच्या आठवड्यापासून असं करून बघतो: आल्यावर हात विचारायचा, इशारा आणि बचावाच्या हालचाली करून घ्यायच्या, रानपाखरूंची दोन वाक्यं, मग तीन पात्यांच्या बूमरँगवर झेल मिळेपर्यंत कुणीतरी एक जण त्याच्या शेजारी. त्यानंतर कार्यशाळा, स्वतःची नक्षी, वार्निशचा पहिला हात, आणि बूमरँग नाव लिहून आमच्या फळीवर. वारा असेल तर उलट. दोन-तीन महिन्यांनी इथेच येऊन लिहीन.

चष्मिष्ट:
मुलांना आधी पुठ्ठ्याचं करून दिलं. पट्ट्यांची टोकं वर वाकवल्यावर खरंच फिरून येतंय! धाकट्याचं मात्र पुढे जाऊन पडतं. तो उजव्या हाताने लिहितो, पण फेकतो डाव्या हाताने.

डावखुरा:
@चष्मिष्ट, पुठ्ठा सपाट आहे, त्यामुळे त्याला वेगळं बनवायची गरज नाही. टोकं ज्या बाजूला वाकवलीत ती बाजू त्याच्याकडे असू द्या, बूमरँग उभं धरायला लावा आणि मनगटाचा झटका जास्त द्यायला सांगा. येईल. लाकडाचं घ्याल तेव्हा मात्र डाव्या हाताचंच घ्या.

चष्मिष्ट:
आलं! तो आडवं फेकत होता. आता दोघंही थांबायला तयार नाहीत.